रीबूटनंतर एसडीबी आणि एसडीसी यांची अदलाबदल झाली; जुन्या डिस्कची प्रत काढायची आहे, मदत हवी

वाचनालय_सेवक | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाचा सर्व्हर मी सांभाळतो. साधा टॉवरच आहे, त्यावर डेबियन १२ (लिनक्स). सिस्टिम २४० जीबीच्या एसएसडीवर आहे. २ टीबीच्या हार्ड डिस्कवर स्कॅन आहेत : जुनी मासिकं, दिवाळी अंक, गावच्या नाट्यमंडळाच्या हस्तलिखित वह्या. त्यातल्या अकरा वह्या २०१९च्या पुरात गेल्या. त्यांचे आता फक्त स्कॅनच उरलेत.

ही २ टीबीची डिस्क आजारी आहे. स्मार्टमध्ये (डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीत) १९७ क्रमांकाची नोंद, म्हणजे ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (नीट वाचता न आलेल्या जागा), ४८ दाखवते. काही फायली उघडताना सगळं अडकतं आणि कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये वाचनाच्या चुका येतात. म्हणून ४ टीबीची नवी डिस्क आणली.

आतापर्यंत एसएसडी म्हणजे एसडीए आणि जुनी डिस्क म्हणजे एसडीबी. नवी येईल ती एसडीसी, असं धरून मी दुपारीच कागदावर लिहून ठेवलं होतं : डीडीने (अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढणाऱ्या आज्ञेने) एसडीबीवरून एसडीसीवर. नवी जोडली, मशीन चालू केलं, तर दीड मिनिट थांबून ते थेट इमर्जन्सी मोडमध्ये गेलं. पासवर्ड टाकून आत गेलो आणि कागदावरची आज्ञा जशीच्या तशी टाइप केली. एंटर न दाबता सवयीने ती ओळ पुसून आधी एलएसबीएलके (जोडलेल्या डिस्कची यादी) चालवलं, तर एसडीबीसमोर ३.६टी आणि एसडीसीसमोर १.८टी! म्हणजे नवी कोरी डिस्क मी जुनीवर उतरवणार होतो.

मशीन बंद करून बसलोय. हात अजून थरथरतायत. मला तीन गोष्टी कळत नाहीत. नावं बदलली कशी? इमर्जन्सी मोड का आला? आणि आता प्रत काढायची ती कोणत्या भरवशावर?

---

टर्मिनलवाला | शनिवार, रात्री १०:०५

बंद केलंत ते उत्तम केलंत. सकाळपर्यंत बंदच राहू द्या, घाई कसलीच नाही.

एसडीए, एसडीबी ही डिस्कची नावं नाहीत, हजेरीचे क्रमांक आहेत. कर्नलला जी डिस्क आधी सापडली ती ए, मग बी, मग सी. तुमची नवी डिस्क बहुधा मदरबोर्डवरच्या आधीच्या रिकाम्या सॅटा पोर्टात बसली, म्हणून ती जुनीच्या आधी मोजली गेली. केबल न हलवताही हे होतं. नव्या कर्नलमध्ये डिस्क एकामागून एक न तपासता समांतर तपासल्या जातात. मदरबोर्डच्या पोर्टांवर दोन आणि वेगळ्या कार्डावर दोन डिस्क असतील, तर आज जी एसडीए ती उद्या एसडीसी होऊ शकते.

आपल्यापैकी जुन्या लोकांच्या मनात हा गोंधळ मुरला त्याला कारण आहे. आयडीईच्या (सॅटाआधीच्या डिस्क-जोडणीच्या) काळात एचडीए म्हणजे प्रायमरी मास्टर, एचडीबी प्रायमरी स्लेव्ह, एचडीसी सेकंडरी मास्टर. नाव जागेला बांधलेलं असे. मधली डिस्क काढली तरी एचडीसी ही एचडीसीच राहायची. पुढे लिबएटीए (कर्नलमधली नवी डिस्क-यंत्रणा) आलं आणि सॅटाबरोबर जुन्या आयडीई डिस्कही एसडीच्या रांगेत आल्या. फेडोरा ७ने २००७मध्ये हा बदल केला तेव्हा कित्येकांची मशीनं सुरूच होईनात. जुनी आयडीई यंत्रणा कर्नलमधून पुरती निघाली ती ५.१४मध्ये, २०२१ साली. नावाचं रूप पूर्वीसारखंच वाटतं, पण त्यामागचं वचन गेलं.

भरवसा ठेवायचा तो इथे : /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी. तिथे प्रत्येक डिस्कचं मॉडेल आणि सिरियल क्रमांक जोडून केलेलं नाव असतं, आणि ते त्या घटकेच्या एसडी-नावाकडे बोट दाखवतं. सिरियल डिस्कच्या स्टिकरवर छापलेला असतो. ही खूण डोळ्यांनी वाचता येते आणि मशीनलाही कळते.

---

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री १०:३०

इमर्जन्सी मोडचं मी सांगते. तुमच्या एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय काय जोडायचं त्या यादीत) स्कॅनच्या विभाजनासमोर थेट /डेव्ह/एसडीबी१ लिहिलेलं असणार. आता एसडीबी म्हणजे नवी कोरी डिस्क, तिच्यावर विभाजनच नाही, मग एसडीबी१ कुठून येणार? सिस्टिमडी (बूट चालवणारा प्रोग्राम) ९० सेकंद वाट बघतं आणि बूट अर्ध्यात सोडतं. तुमचं दीड मिनिट ते हेच.

बीएलकेआयडी चालवून जुन्या विभाजनाचा यूयूआयडी (त्यावरच लिहिलेला ओळखक्रमांक) घ्या आणि एफएसटॅबमध्ये ‘यूयूआयडी=’ करून तो लिहा. पर्यायांमध्ये ‘नोफेल’ टाका, म्हणजे डिस्क नसली तरी सर्व्हर उठेल. प्रत होईपर्यंत मात्र ती ओळ पुढे # लावून बंदच ठेवा. आजारी डिस्क माउंट होता (फायलींसाठी उघडली जाता) कामा नये. नुसतं माउंट केल्यानेही जर्नल (अर्धवट राहिलेल्या लिखाणाची नोंद) चालतं आणि डिस्कवर लिहिलं जातं.

२०१९चा पूर आमच्याकडेही होता. त्या वह्यांचं ऐकून पोटात कालवलं. काही लागलं तर रात्री कितीही वाजता लिहा.

---

रात्रपाळी | रविवार, पहाटे २:१५

ऐरोलीला डेटा सेंटरमध्ये रात्रपाळी करतो, डिस्क बदलणं रोजचंच आहे. वरचं सगळं बरोबर. मी एकच विनंती करतो : या डिस्कवर डीडी वापरू नका.

डीडी चांगल्या डिस्कसाठी ठीक. वाचनात चूक आली की ते थांबतं. थांबू नये म्हणून लोक ‘नोएरर,सिंक’ लावतात आणि वेग वाढावा म्हणून ब्लॉक ४ एमबीचा करतात. मग ५१२ बाइटचा एक सेक्टर वाचता आला नाही, तर त्या ४ एमबीतला न वाचलेला सगळा भाग शून्यांनी भरला जातो. त्यातला वाचता येण्यासारखा मजकूरही जातो, आणि नेमकं काय गेलं याची नोंद कुठेच राहत नाही. मध्येच वीज गेली तर कुठपर्यंत आलो होतो हे शोधण्यात निम्मा दिवस जातो.

जीएनयू डीडीरेस्क्यू घ्या. डेबियनमध्ये पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे, पुढचा ‘जी’ विसरू नका. डीडी_रेस्क्यू नावाचं दुसरं साधन आहे, ते वेगळं. डीडीरेस्क्यू आधी सोपं तेवढं भराभर उचलतं, खराब जागा दिसली की उडी मारून पुढे जातं आणि शेवटी उरलेल्या जागांकडे वळतं. डिस्क दगावण्याआधी जास्तीत जास्त हाती लागावं हा त्यातला विचार. केलेल्या कामाचा हिशेब ते मॅपफाइलमध्ये ठेवतं. मशीन बंद पडलं तरी तीच आज्ञा पुन्हा द्या, जिथे थांबलं तिथून सुरू होतं. मॅपफाइल एसएसडीवर ठेवा, या दोन डिस्कपैकी कुठेही नको.

पहिली फेरी -एफ -एन लावून. -एफ नसेल तर ते डिस्कवर लिहायला नकार देतं, आणि -एन म्हणजे चिकट जागा आत्ता खरवडू नकोस. ती संपली की दुसरी फेरी त्याच मॅपफाइलवर -एफ -डी -आर३ लावून, म्हणजे उरलेल्या जागांवर तीन वेळा थेट प्रयत्न.

सुरू करण्याआधी जुन्या डिस्कवर ‘ब्लॉकडेव्ह --सेटआरओ’ चालवा. कर्नल तिला फक्त-वाचनीय मानतो. मग उगम आणि लक्ष्य उलटं लिहिलं गेलं तरी लिहिणं नाकारलं जातं. रीबूट झालं की ही खूण पुसली जाते, म्हणून दर वेळी पुन्हा लावायची.

जुन्या डिस्कवर समोरून टेबलफॅन सोडा. एफएससीके (तपासणी-दुरुस्तीची आज्ञा) तिच्यावर अजिबात नको, ते नव्या प्रतीवर करायचं.

---

पुस्तकवेडा_४११ | रविवार, सकाळी ८:५०

रात्रपाळींशी एका बाबतीत माझं मत जुळत नाही. सगळ्या २ टीबीची प्रत म्हणजे डिस्कला सलग पाच-सहा तास राबवणं. मध्येच ती गेली तर? पुरात गेलेल्या वह्यांचे स्कॅन आधी आरसिंकने (फायलीवार प्रत काढणाऱ्या साधनाने) उचलावेत, मग बाकीचं.

रात्रपाळी | रविवार, सकाळी ९:१०

शंका रास्त आहे. पण फायलीवार प्रत काढताना हेड सतत इकडून तिकडे धावतं, आणि एखादी फाइल खराब सेक्टरवर अडकली की डिस्क त्याच जागी पुन्हा पुन्हा घासत राहते. सलग वाचनात हेडला सर्वांत कमी श्रम. शिवाय आरसिंकसाठी माउंट करावं लागतं.

पुस्तकवेडा_४११ | रविवार, सकाळी ९:२५

वह्यांचे स्कॅन किती मोठे आहेत त्यावर ठरवावं. २०० जीबी असतील तर तुमचं खरं. ५-६ जीबी असतील तर फक्त-वाचनीय माउंट करून, जर्नल न चालवता, दहा मिनिटांत निघतील. ज्याचा कागदच राहिला नाही त्याला आधी हात द्यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

रात्रपाळी | रविवार, सकाळी ९:३०

५-६ जीबीच असतील तर मान्य. ‘आरओ,नोलोड’ हे दोन्ही पर्याय लावून माउंट करा. विभाजनाची फाइलरचना ईएक्सटी४ असेल तर ‘नोलोड’मुळे जर्नल चालत नाही.

---

वाचनालय_सेवक | रविवार, दुपारी १२:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. ईएक्सटी४च आहे. वह्यांचे स्कॅन ३.८ जीबी निघाले, सांगितलं तसं माउंट करून एसएसडीवर घेतले. सगळे उघडतायत. एक मोठा श्वास घेतला.

दोन्ही डिस्कच्या स्टिकरचे फोटो काढले. जुनीच्या सिरियलचे शेवटचे चार : ७के२क्यू. नवीचे : ०डब्ल्यूएम४. मग एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,मॉडेल,सिरियल चालवून ताडून पाहिलं, जुळतात. पण बाय-आयडीमध्ये प्रत्येक डिस्कची दोन-दोन नावं दिसतात, एक ‘एटीए-’ने सुरू होणारं आणि एक ‘डब्ल्यूडब्ल्यूएन-०एक्स५०...’ असं. यातलं खरं कोणतं?

टर्मिनलवाला | रविवार, दुपारी १२:४०

दोन्ही खरी, एकाच डिस्कची. दुसरं आहे ते जगात एकमेव असावं म्हणून कारखान्यातच दिलेला क्रमांक. आज्ञेत ‘एटीए-’वालं वापरा, त्यात सिरियल डोळ्यांना दिसतो. ‘-पार्ट१’ शेवटी असलेली नावं विभाजनांची आहेत, ती नकोत. तुम्हाला अख्खी डिस्क हवी आहे.

---

जुनी_तार | रविवार, दुपारी २:००

धागा वाचून राहवलं नाही. सिरियलवर भरवसा ठेवा हे खरं, पण डिस्क यूएसबीच्या खोक्यात असेल तर सावध. माझ्या हातून याच कारणाने एका पतसंस्थेचं खातेपुस्तक गेलं होतं.

प्रत काढायची होती. दोन्ही डिस्क दोन सारख्या यूएसबी खोक्यांत घातल्या. स्वस्तातल्या कित्येक खोक्यांमधली चिप आतल्या डिस्कचा सिरियल बाहेर येऊच देत नाही, स्वतःचाच काहीतरी सांगते. माझ्या दोन्ही खोक्यांचा सिरियल एकच होता. बाय-आयडीमध्ये दोन डिस्कसाठी एकच नाव, आणि शेवटी जोडली तिच्याकडे ते बोट दाखवणार. मी नाव बघितलं, बरोबर वाटलं, एंटर दाबलं. आकारही दोन्हींचा एकच, त्यामुळे तिथेही शंका आली नाही.

कागदी रोजकीर्द होती म्हणून सारं परत भरता आलं. तीन जण एकोणीस दिवस रात्री उशिरापर्यंत बसलो. त्यातल्या एका बाईंची मुलगी तेव्हा दहावीला होती. त्या एकदाही रागावल्या नाहीत, आणि ते मला आजही आठवतं.

खोक्यांचा दुसरा त्रास : काही खोकी ५१२ बाइटच्या सेक्टरची डिस्क ४०९६ बाइटची म्हणून दाखवतात. अशा खोक्यात विभाजन केलेली डिस्क नंतर थेट सॅटाला लावली की विभाजन-तक्ताच सापडत नाही, आणि माणूस डिस्क कोरी समजून बसतो. तुमच्या दोन्ही डिस्क थेट सॅटाला आहेत, तशाच राहू द्या.

वाचनालय_सेवक | रविवार, दुपारी २:३०

जुनी_तार दादा, हे इथे लिहायला जड गेलं असेल. खूप आभार. दोन्ही सॅटावरच आहेत. सेटआरओ केलं, दोन्ही बाय-आयडी नावं घातलेली आज्ञा कागदावर लिहून ग्रंथपाल मॅडमना स्टिकरच्या फोटोशी ताडून वाचायला लावली. अडीच वाजता सुरू केलंय.

---

ढगातला_माळी | रविवार, सायंकाळी ५:१०

पुण्यात क्लाउडचं काम करतो. तिथेही हीच गत, फक्त स्टिकर नसतो. ॲमेझॉनवर व्हॉल्यूम (क्लाउडमधली डिस्क) जोडताना तुम्ही नाव देता एसडीएफ, आणि नायट्रो प्रकारच्या मशीनमध्ये ते दिसतं एनव्हीएमई१एन१ म्हणून. दोन व्हॉल्यूम जोडले तर कोणाला १ आणि कोणाला २ मिळेल याची खात्री नाही. तिथे व्हॉल्यूमचा आयडी सिरियलच्या जागी येतो, त्यावरून ओळखायचं.

एमडी रेड (अनेक डिस्क मिळून एक ॲरे) असेल तर ॲरेचाही यूयूआयडी एमडीॲडमच्या कॉन्फिगमध्ये लिहून इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी सिस्टिम) नव्याने बनवावं. नाहीतर काल एमडी० असलेला ॲरे आज एमडी१२७ होऊन उठतो आणि माणूस घाबरतो.

---

वाचनालय_सेवक | रविवार, रात्री १०:४५

पहिली फेरी साधारण साडेपाच तासांत झाली. वेग बराच वेळ सेकंदाला ११० एमबीच्या आसपास होता, एका पट्ट्यात मात्र रेंगाळला. दुसऱ्या फेरीनंतर उरलं ते फक्त १२,२८८ बाइट. २ टीबीमधले १२ केबी! पण ते कुठले, हे कळल्याशिवाय झोप येणार नाही.

रात्रपाळी | रविवार, रात्री ११:००

कळतं. मॅपफाइल उघडा. शेवटी वजा चिन्ह असलेल्या ओळी म्हणजे न वाचलेल्या जागा. स्थान बाइटमध्ये, सोळाच्या पायावर दिलेलं असतं, ते दशमानात करा. त्यातून विभाजनाची सुरुवात वजा करा. विभाजन २०४८व्या सेक्टरवर सुरू होत असेल तर ती १०,४८,५७६ बाइट. उरलेल्याला ४०९६ने भागलं की ईएक्सटी४चा ब्लॉक क्रमांक मिळतो. उदाहरणार्थ, स्थान ८१२६४७४४८५७६ आलं, तर वजा करून ८१२६४६४०००००, भागून १९८४०००००.

मग नव्या डिस्कवरच्या विभाजनावर डीबगएफएस (ईएक्सटी४च्या आत डोकावणारं साधन) उघडा. ‘आयचेक’ला ब्लॉक क्रमांक दिला की आयनोड (फाइलचा आतला क्रमांक) मिळतो, ‘एनचेक’ला आयनोड दिला की फाइलचं नाव. आयचेकला थोडा वेळ लागेल, धीर धरा.

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ११:२०

त्याआधी एक काम आणि तेही हाताने : मशीन बंद करून जुन्या डिस्कची केबल काढा. प्रत तंतोतंत आहे, म्हणजे यूयूआयडीही तोच. आत्ता मशीनमध्ये एकाच यूयूआयडीची दोन विभाजनं आहेत, आणि एफएसटॅबमधल्या ओळीने त्यातलं कोणतं माउंट होईल याचा नेम नाही. काल सांगितलेला यूयूआयडीचा भरवसा नेमका इथे तुटतो.

ईएक्सटी४ यावर काही बोलत नाही, म्हणून जास्त जपायचं. एक्सएफएस ही दुसरी फाइलरचना त्या मानाने प्रामाणिक, जुळं विभाजन माउंट करायला सरळ नकार देतं. बीटीआरएफएस या तिसऱ्या फाइलरचनेत धोका सर्वांत मोठा, तिथे कर्नल दोन डिस्कमध्ये गफलत करून बसू शकतो. एलव्हीएम (विभाजनांची लवचीक मांडणी) असेल तर व्हीजीइम्पोर्टक्लोन वापरावं लागतं. तुम्हाला दोन्ही डिस्क एकत्र ठेवायच्या असत्या तर ट्यून२एफएसने नवीचा यूयूआयडी बदला म्हटलं असतं. पण जुनी निवृत्त होणार आहे, तर नवीला तिचा यूयूआयडी राहू द्या, एफएसटॅबला पुन्हा हात लावायला नको.

आणि बाकीचे २ टीबी हवे असतील तर : जीपीटीचा (विभाजनांच्या नोंदींचा) दुसरा तक्ता डिस्कच्या अगदी शेवटी असतो, प्रतीत तो मधोमध येऊन पडलाय. एसजीडिस्क -ई (लहान ई) ने तो शेवटाला न्या, मग विभाजन वाढवा, ई२एफएससीके -एफ चालवा, आणि शेवटी रीसाइझ२एफएसने फाइलरचना वाढवा. खराब ब्लॉकचा शोध लागेपर्यंत यातलं काही करू नका, तपासणीत नोंदी बदलतात.

---

वाचनालय_सेवक | मंगळवार, रात्री ८:३०

काल जुनी डिस्क काढून ठेवली, मग शोध घेतला. तीन ब्लॉक खराब होते. एक मोकळ्या जागेत, तिथे फाइलच नव्हती. उरलेले दोन एका दिवाळी अंकाच्या दोन पानांच्या टिफ फायलींत. उघडल्या तर एका पानावर मधोमध आडवी काळी पट्टी, दुसरं तर उघडेचना. आपल्या वह्यांपैकी एकही नाही.

तो अंक बांधीव खंडात वाचनालयातच आहे. आज संध्याकाळी मॅडमनी कपाटातून खंड काढून दिला, दोन्ही पानं पुन्हा स्कॅन करून जागेवर ठेवली. मग एसजीडिस्कपासून रीसाइझपर्यंत सगळं झालं, डीएफ (जागेचा हिशेब) आता ३.६टी दाखवतंय. दोनदा रीबूट केलं. दुसऱ्या वेळी मुद्दाम नव्या डिस्कची केबल दुसऱ्या पोर्टात लावून बघितली. तरी सर्व्हर नीट उठला.

वह्यांच्या स्कॅनची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन नाट्यमंडळाच्या सध्याच्या अध्यक्षांकडे दिली आहे. आणखी एक प्रत जिल्ह्याच्या गावी कुणाकडे ठेवता येईल का बघतोय. कृष्णाकाठ ताई, तुमच्या भागातल्या वाचनालयाची तयारी असेल तर कळवा, मी स्वतः घेऊन येईन.

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ९:०५

आहे. आमची दोन हस्तलिखितं तुमच्याकडे ठेवाल का? रविवारी या, जेवायलाच या.